आधी कागद, मग दार

शनिवारी संध्याकाळी फुराहा विमानात बसणार, हा विचार मृदुलाच्या मानगुटीवरून उतरायला तयार नव्हता. गुरुवारची सकाळ होती. जानेवारीतलं लख्ख ऊन सातलाच ओट्यावर आलं होतं आणि ती इरावतीचा डबा भरत होती. झाकण लावलं, पुन्हा काढलं. भाजी घातली की नुसत्याच पोळ्या, आठवेना. डोक्यात एकच रस्ता फिरत होता. ऑकलंडहून दुबई, दुबईहून नैरोबी, आणि तिथून बसने दोन दिवस उत्तरेला, त्या रखरखीत मुलखात. त्या वाटेवर कधीकधी बस अडवून लुटतात, हे फुराहानेच एकदा चहा पिताना सांगितलं होतं, आणि वर हसली होती. चार वर्षांची लेक देबोरा शेजारणीच्या हवाली करून ही पोरगी एकटी निघाली होती. कशाला? तर एक कागद आणायला.

आणि ‘कागद आण, कागद आण’ म्हणून दोन वर्षं तिच्या मागे कोण लागलं होतं? मृदुलाच.

“आई, डबा नको. देअर्स अ कॅफे,” इरावती पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, सरकवत म्हणाली.

“जँडल्स घालून विद्यापीठात जाणारेस?”

“एव्हरीवन डझ.”

मृदुलाने डबा तिच्या पिशवीत कोंबलाच. इरावतीला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून इंग्रजीच बाहेर पडायचं. आज तिच्या प्रवेशाचे उरलेसुरले कागद द्यायचे होते. मृदुलाने त्यासाठी रजा घेतली होती. कागद द्यायचे म्हटलं की तिला स्वतः हजर राहिल्याशिवाय चैन पडत नसे. दोन मूळ प्रती, चार झेरॉक्स, फोटो, शिवाय न मागितलेलं लसीकरणाचं कार्ड, असं सगळं प्लास्टिकच्या कप्प्यांत रात्रीच लावून ठेवलं होतं. इरावती त्या फाइलकडे बघून डोळे फिरवायची. “आई, इट्स ऑल ऑनलाइन.” असेल. पण ऑनलाइनवर कोणाचा भरवसा?

गाडी काढताना मृदुलाने फोन पाहिला. फुराहाचा काही निरोप नव्हता. रविवारनंतर एकही नाही. आज दुपारच्या बसने ती ऑकलंडला जाणार होती, एवढंच माहीत होतं. तिथे चर्चमधल्या ओळखीच्या एका बाईकडे दोन दिवस, मग विमानतळ.

फुराहाची आणि तिची ओळख २०१४ सालची. मृदुला हॅमिल्टनमधल्या एका रेस्ट होमच्या ऑफिसात होती. ज्यांना घरी सांभाळणारं कोणी नाही असे साठेक म्हातारे-म्हाताऱ्या तिथे राहत. मृदुला फोन घेई, नातेवाइकांना उत्तरं देई, नोंदी ठेवी. पुण्यात तिने गणितात बी.एस्सी. केलं होतं, वर बी.एड., आणि सहा वर्षं शाळेत शिकवलं होतं. इथे आल्यावर त्या बी.एड.चं वजन निम्मंच भरलं. पुन्हा शिकायला बसायचं तर तेवढा धीर उरला नव्हता, मग ऑफिसची खुर्ची बरी.

फुराहा आतल्या बाजूला केअरगिव्हर होती. उंच, काटक, बारीक वेण्या मागे घट्ट बांधलेल्या. म्हाताऱ्यांना पलंगावरून उचलून खुर्चीत बसवताना ती मोठ्याने म्हणायची, “मोजा, म्बिली, टाटू!” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मृदुला दारातच थबकली. ही मराठीत ‘मोजा’ म्हणते की काय? मग कळलं की स्वाहिलीत ‘मोजा’ म्हणजे एक. दोघी पोट धरधरून हसल्या होत्या, आणि खुर्चीत बसलेले म्हातारे आजोबाही काही न कळता त्यांच्यासोबत हसले होते.

तिची कहाणी मृदुलाला तुकड्यातुकड्याने कळली. कामाच्या मध्ये दहा मिनिटांची सुट्टी मिळे, त्यात जेवढी मावेल तेवढी. कांगोच्या पूर्व भागातलं गाव. आठ वर्षांची असताना लढाई पेटली आणि आईचा हात धरून ती पळाली. मग केनियातली निर्वासितांची छावणी, आणि तिथे तेरा वर्षं. पत्र्याच्या छपराची शाळा होती. शिक्षक कमी पडत म्हणून वरच्या वर्गातली हुशार मुलं खालच्या वर्गांना शिकवत. फुराहा सोळाव्या वर्षापासून नव्वद पोरांना गणित शिकवायची. एक खडू मिळे आठवड्याला. ती त्याचे चार तुकडे करी, तीन लपवून ठेवी. २०१० च्या नोव्हेंबरात तिने बारावीसारखी शेवटची परीक्षा दिली. पास झाल्याचं फळ्यावर लागलं, पण प्रमाणपत्र छापून यायच्या आतच न्यूझीलंडला जाणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव लागलं. छावणीत यादीत नाव लागलं की माणूस मागे वळून बघत नाही. २०११ मध्ये त्या मायलेकी ऑकलंडला उतरल्या, सहा आठवडे मांगेरेच्या निर्वासित केंद्रात राहिल्या आणि मग हॅमिल्टनला आल्या. इथे फुराहाचं लग्न झालं. नवरा कामासाठी म्हणून ऑस्ट्रेलियाला गेला तो गेलाच. आई दोन वर्षांत वारली. उरली ती आणि देबोरा.

इथे जो जो भेटला त्याने तिला विचारलं, काम कुठलं करशील? शिकशील का, असं एकानेही विचारलं नव्हतं.

मृदुलानेही नसतं विचारलं, पण २०१५ मध्ये एक गंमत झाली. फुराहाला घरी जेवायला बोलावलं होतं. इरावती तेव्हा इथल्या तेरा वर्षांच्या शाळेत बारावीच्या वर्षाला होती आणि डायनिंग टेबलावर वही पसरून रडकुंडीला आली होती. मृदुला पोळ्या लाटत होती. चंद्रशेखर, तिचा नवरा, ‘ते रापा’ भागातल्या दूध पावडरीच्या कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर होता. तो चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, “आमच्या वेळी हे असं नव्हतं बुवा,” आणि टीव्हीसमोर जाऊन बसला. फुराहाने वही आपल्याकडे वळवली. विजेच्या बिलाचं पाकीट उलटं केलं, पेन मागितलं आणि पाच ओळींत गणित सोडवलं. नुसतं सोडवलं नाही. इरावतीचं कुठे अडलंय हे तिच्या चेहऱ्यावरून ओळखून ती तिथे थांबली, एक प्रश्न विचारला आणि पुढची पायरी तिच्याकडूनच काढून घेतली.

“शी’ज हीप्स बेटर दॅन माय टीचर,” इरावती म्हणाली.

मृदुलाच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. सहा वर्षं शाळेत काढली होती तिने. शिकवता येणं कशाला म्हणतात ते तिला समजत होतं.

जेवताना तिने विचारलं, “तू शिकवत का नाहीस गं?”

“शाळेत शिकवायला डिग्री लागते, म्वालिमू.” म्वालिमू म्हणजे शिक्षक. मृदुला पूर्वी शिकवायची हे कळल्यापासून ती तिला याच नावाने हाक मारायची.

“मग डिग्री घे.”

“विद्यापीठात जायला शाळेचं प्रमाणपत्र लागेल. ते तिकडे राहिलं.”

“एवढंच ना? आणू आपण,” मृदुला म्हणाली.

इथेच सगळं सुरू झालं. मृदुलाच्या अंगात जणू वारं शिरलं. कागद मिळवणं ही तिची कला होती. २००८ साली इकडे यायचं ठरलं तेव्हा तिने भर उन्हात चार दिवस विद्यापीठाच्या खिडकीसमोर उभं राहून दोघांच्या सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका मिळवल्या होत्या, बंद पाकिटात, पाकिटाच्या जोडावर शिक्का मारून. शिक्का अर्धाच उमटला म्हणून पाचव्या दिवशी पुन्हा गेली होती. त्या पाकिटांमुळेच आपल्याला या देशाचं दार उघडलं, ही तिची पक्की समजूत होती. आणि ती खोटीही नव्हती. त्यांच्या बाबतीत तसंच झालं होतं.

तिने फुराहासाठी एक जांभळी फाइल आणली. फुराहाजवळ शाळेचा एकच पुरावा होता, शेवटून दुसऱ्या वर्षाचं प्रगतिपुस्तक, घडीवर फाटलेलं. शनिवारी लायब्ररीत एक निवृत्त गृहस्थ टेबल मांडून बसत. मूळ कागद पाहून प्रतीवर सही-शिक्का देत, तेही फुकट. मृदुलाने त्याच्या सहा प्रती साक्षांकित करून घेतल्या. “सहा कशाला?” फुराहाने विचारलं. “असाव्यात,” मृदुला म्हणाली. मग पत्रं. शाळेला पत्र, उत्तर नाही. मुख्याध्यापकांना ईमेल, ते दुसऱ्या जिल्ह्यात बदलून गेलेले. फुराहाच्या जुन्या वर्गमैत्रिणीचा दीर त्या भागात ड्रायव्हर होता, त्याच्याकडून शाळेच्या कारकुनाचा नंबर. वर्ष गेलं. २०१६ च्या मार्चमध्ये कारकुनाने रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवला. त्यात चौथं नाव फुराहाचं होतं. दोघींनी ऑफिसच्या मागे एकमेकींना मिठी मारली. दोन दिवसांनी त्याचाच पुढचा निरोप आला. प्रमाणपत्र कपाटात आहे. विद्यार्थ्याने स्वतः यावं, समोर सही करावी, तेव्हाच हातात मिळेल. दुसऱ्या कोणालाही देता येत नाही.

त्याच सुमारास केव्हातरी त्या दोघी गाडीतून विद्यापीठावरून चालल्या होत्या. फुराहा काचेतून बाहेर बघत होती. हिरवळ, तळं, पिशव्या लटकवून चाललेली पोरं.

“म्वालिमू, मी एकदा आत जाऊन विचारू? नुसतं विचारते.”

“वेडी आहेस? रिकाम्या हाताने कुठे जायचं नसतं. तोंडावर नाही म्हणतील, आणि एकदा नाही म्हटलेलं माणूस त्यांच्या लक्षात राहतं. आधी कागद, मग दार.”

फुराहाने मान डोलावली. पुन्हा तो विषय तिने काढला नाही.

पुढे छावण्या बंद करणार अशा बातम्या येऊ लागल्या. छावणीबरोबर शाळा, शाळेबरोबर कपाट. फुराहा बेचैन झाली. कामावर मोजता मोजता मध्येच थांबायची. डिसेंबरात तिला नागरिकत्वाचा नवा काळा पासपोर्ट आला आणि त्याच आठवड्यात तिने तिकीट काढलं. तीन आठवड्यांची बिनपगारी रजा. मृदुलाला सांगितलं ते सगळं झाल्यावर.

गेल्या रविवारी मृदुला तिच्याकडे गेली होती, प्रवासासाठी तिखटमिठाच्या पुऱ्या घेऊन. मनातून ठरवून गेली होती की हिला थांबवायचं. दोन खोल्यांचं घर, मधोमध उघडी बॅग, बॅगेत देबोरा बसलेली.

“मला ने,” देबोरा म्हणत होती.

“तू बसलीस तर झाकण लागायचं नाही,” फुराहा म्हणाली.

मृदुलाने पुऱ्यांचा डबा ठेवला. “फुराहा, माझं ऐक. नको जाऊस. रस्ता धड नाही. काही झालं तर या पोरीचं काय? आणखी कोणालातरी गाठू, पुन्हा पत्र लिहू.”

फुराहा कपड्यांच्या घड्या घालत राहिली. “दोन वर्षं पत्रं लिहिली.”

“अजून एक वर्ष लिहू.”

“मी सव्वीस वर्षांची आहे, म्वालिमू. अजून एक वर्ष, अजून एक वर्ष, असं करत मी पण तिथेच खुर्चीत बसेन आणि कोणीतरी मला मोजून उचलेल.” ती हसली नाही. “कागदाशिवाय काही नाही, हे तुम्हीच सांगितलंत ना? मग आता मी कागद आणायला निघाले तर तुम्हीच का आडव्या येता?”

 मृदुला काहीतरी लागट बोलली. आईने एवढं आपमतलबी असू नये, असं काहीसं. शब्द तोंडातून गेले आणि तिलाच चटका बसला. फुराहाने पुऱ्यांचा डबा उचलून तिच्या हातात परत दिला. रागाने नाही, सावकाश, म्हाताऱ्यांच्या हातात पेला देतात तसा. “पोहोचले की कळवते,” म्हणाली. चार दिवस झाले, दोघींपैकी कोणी फोन केला नव्हता.

विद्यापीठाच्या प्रवेश कक्षात दुपारी एक वाजता फारशी गर्दी नव्हती. काउंटरवर पन्नाशीची एक माओरी बाई होती, हसऱ्या चेहऱ्याची. “कीया ओरा,” असा माओरी नमस्कार करत तिने इरावतीचं नाव संगणकावर काढलं आणि चार मिनिटांत काम संपवलं. मृदुलाची फाइल उघडलीदेखील गेली नाही.

“लसीकरणाचं कार्ड नको?” मृदुलाने विचारलं.

“आई!” इरावती कुजबुजली.

बाई हसली. “आणखी काही?”

तिचं ते हसणं पाहून मृदुलाच्या तोंडून निघून गेलं, “माझी एक मैत्रीण आहे. केनियातल्या शाळेचं तिचं शेवटच्या परीक्षेचं प्रमाणपत्र येणार आहे, फेब्रुवारीत. ते तपासून घ्यायला किती दिवस लागतात? यंदाचा प्रवेश मिळू शकेल?”

“इथे शिकायला येणार आहे का ती, व्हिसावर?”

“नाही, इथेच असते. सहा वर्षं झाली. आता नागरिक आहे.”

“वय?”

“सव्वीस.”

बाईने भुवया उंचावल्या. “मग प्रमाणपत्र कशाला?”

मृदुलाला वाटलं, आपलं इंग्रजी कुठेतरी चुकलं. तिने पुन्हा सावकाश सांगितलं. बाईने शांतपणे ऐकून घेतलं आणि तितक्याच सावकाश उत्तर दिलं. वीस वर्षं पूर्ण झालेल्या नागरिकाला किंवा कायमच्या रहिवाशाला शाळेच्या परीक्षेची अट नाही. स्पेशल ॲडमिशन म्हणतात त्याला. पुष्कळ वर्षं पुस्तकाला हात लावला नसेल तर आधी एका सेमिस्टरचा पूर्वतयारीचा कोर्स करा, असं आम्ही सुचवतो. तो पुढच्या महिन्याच्या शेवटी सुरू होतोय. तिला घेऊन या ना. भेटून बोलावं लागतं, पुढच्या बुधवारपर्यंत. त्यानंतर जुलैची तुकडी, पण तिच्यात जागा अगदी थोड्या असतात.

“हा… हा नवा नियम आहे का?” मृदुलाने विचारलं.

“नवा?” बाई मोठ्याने हसली. “माझी आई याच नियमाने शिकली. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. तिच्या पदवीदानाला मी फ्रॉक घालून गेले होते.”

बाहेर आल्यावर मृदुला तळ्याकाठच्या बाकावर बसली. बदकं पायांशी आली. इरावती तिच्या शेजारी बसून डबा उघडून खाऊ लागली. डब्यात भाजी होती.

“म्हणजे ती जेव्हा इथे आली तेव्हाच…” इरावती चक्क मराठीत बोलत होती. “तेव्हाच जाऊ शकत होती? एकवीस होती ना ती?”

“हो.”

“अँड यू नेव्हर आस्क्ड? आई, दोन वर्षं! तू सहा झेरॉक्स काढल्यास आणि एकदा पण आत येऊन विचारलं नाहीस?”

“तिला विचारायचं होतं,” मृदुला म्हणाली. “मीच नको म्हटलं.”

इरावतीने घास खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. ती आईकडे नवलाने बघत होती, आणि तेच जास्त लागत होतं. “टेल हर,” ती शेवटी म्हणाली. “जस्ट टेल हर.”

घरी येईपर्यंत मृदुलाने तीनदा चुकीच्या लेनमध्ये गाडी घातली. फुराहाची बस दीड वाजता सुटली असेल. आता ती कुठे असेल, हंटली? पुकेकोहेच्या आसपास? मृदुला घरभर फिरत राहिली. वाळलेले कपडे आत आणले, पुन्हा बाहेर नेऊन टाकले. जांभळी फाइल कपाटातून काढली आणि उघडल्यावर तिला ती बघवेना. एवढी व्यवस्थित, एवढी नीटनेटकी. आपल्यासाठी जे दार कागदाने उघडलं ते सगळ्यांसाठी कागदानेच उघडतं, हे आपल्याला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. आपणच धरून चाललो. आणि ज्या पोरीने आयुष्यभर रांगेत उभं राहून दुसऱ्याच्या ‘थांब’वर विश्वास ठेवला, तिला आपण आणखी एका रांगेत उभं केलं. या वेळी तर रांगच नव्हती.

तीन वाजता चंद्रशेखर सकाळची पाळी संपवून आला. बूट काढता काढता त्याने सगळं ऐकून घेतलं.

“अगं मग सोपं आहे,” तो म्हणाला. “मेसेज टाक. नियम बदललाय, आता कागद लागत नाही, परत ये. संपलं.”

“नियम बदललेला नाही.”

“तिला कुठे माहितेय? तू कशाला स्वतःहून ओढवून घेतेस? तू काय मुद्दाम केलंस? जीव तोडून मदत केलीस तिला. तिचं काम झाल्याशी मतलब.”

मृदुला सोफ्याच्या कडेवर बसली. खरं तर हा विचार काउंटरपाशीच तिच्या मनात येऊन गेला होता. म्हणूनच तर तिने त्या बाईला ‘नवा नियम आहे का’ असं विचारलं होतं. नवा असता तर सुटली असती. तिने फोन घेतला आणि लिहिलं, ‘फुराहा, आनंदाची बातमी. विद्यापीठाने नियम बदलला आहे.’ वाचलं. चांगलं वाटत होतं वाचायला. दोघींचीही लाज राहत होती. रविवारचं भांडणसुद्धा त्यात बुडून जात होतं.

अंगठा पाठवण्याच्या खुणेवर गेला आणि तिथेच थांबला.

फुराहा हे वाचून काय करेल? मृदुलाला ती डोळ्यांसमोर दिसली, बसच्या खिडकीशी, फोन दोन्ही हातांत धरलेली. ती छावणीत वाढली होती. तिथे नियम रोज बदलत. सोमवारी धान्याचं कार्ड निळं, गुरुवारी पिवळं. ज्याच्याकडे जुनं निळं जपून ठेवलेलं असे तोच पुढच्या महिन्यात तरून जाई. ती कार्डं फुराहाने तिला दाखवली होती, तिच्याकडे अजून आहेत. नियम आज बदलला म्हणजे उद्या पुन्हा बदलेल. मग कागद हाताशी असलेला बरा. असंच म्हणेल ती, आणि शनिवारी विमानात बसेल. अगदी शहाण्यासारखी बसेल.

“ती थांबणार नाही याने,” मृदुला म्हणाली.

“का नाही थांबणार?”

“नियम बदलला म्हटलं तर नाही थांबणार. कागदाची अट कधी नव्हतीच, हे कळलं तरच थांबेल. आणि ते कळायचं तर मी चुकले हे सांगायला लागेल. दोन वर्षं. आणि ती आत जाते म्हणत होती, तिला मी धरून ठेवलं, हेही.”

चंद्रशेखरने मोजा हातात धरून तिच्याकडे पाहिलं. “ती रागावेल.”

“रागावेल. माझ्याशी पुन्हा बोलेल की नाही, देव जाणे.”

“मग निदान मेसेजमध्ये लिही. समोरासमोर ऐकून घ्यायला नको.”

“तिला मला विचारता आलं पाहिजे ना. नक्की का? कोण म्हणालं? त्या बाईचं नाव काय? मी असते तर दहा वेळा विचारलं असतं.” तिने मेसेज पुसून टाकला. काउंटरवरच्या बाईने दिलेलं कार्ड पर्समधून काढून मांडीवर ठेवलं. त्यावर तिचं नाव होतं, थेट नंबर होता. म्हणजे फुराहाला कोणाच्याही शब्दावर विसंबायला नको, मृदुलाच्या तर नकोच. ती स्वतः विचारेल. “तिकीट रद्द करायचं की नाही ते तिचं ती ठरवेल. जायचंच असेल तर बुधवारनंतर जाईल.”

“अगं, पाणी तरी पी आधी.”

“नंतर.” मृदुलाने घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन. बस ऑकलंडला पोहोचली असेल नसेल. ती उठून मागच्या दाराशी गेली, बाहेर कपड्यांच्या दोरीखाली जाऊन उभी राहिली आणि फुराहाचा नंबर लावला.